तीनशे दहा चिंचोके

माझ्या सासुरवाडीच्या, म्हणजे मुडबीच्या शोभाबाईबद्दल लिहायचं तर आधी स्वतःची फजिती सांगायला हवी. कारण ज्या दिवशी ती जिंकली, त्या दिवशी मी हरलेल्यांच्या बाजूला उभा होतो. मी भालकीच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. प्राण्यांच्या प्रजननाचा धडा गेली एकोणीस वर्षं शिकवतोय. गर्भपिशवी, नाळ, वार, सगळं रंगीत खडूनं फळ्यावर काढतो. गाईचे दोनशे ऐंशी दिवस, म्हशीचे तीनशे दहा, शेळीचे दीडशे, हे मला झोपेतून उठवून विचारा. एवढं असून सासुरवाडीच्या म्हशीचे दिवस मला मोजता आले नाहीत. ते मोजले शोभाबाईनं, आणि ती शाळेची पायरी कधी चढलेली नाही.

शोभाबाई खटकचिंचोळीची लेक. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मुडबीच्या बौद्ध वस्तीत आली. नवरा बाबूलाल हैदराबादला बांधकामावर जायचा, सणासुदीला परत यायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला. मुलगी नांदायला गेली. घरात उरली ही एकटी, आणि अंगणात कुणाची तरी जनावरं. कुणाची तरी म्हणतो, कारण तिच्या खुंट्याला बांधलेलं जनावर तिचं कधीच नसायचं. आमच्याकडे जनावर वाट्यानं सांभाळायला देतात. मालकानं जनावर द्यायचं, दुसऱ्यानं चारा-पाणी करायचं, आणि ठरलेलं वासरू सांभाळणाऱ्याचं. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. शोभाबाईच्या वाट्याला काय आलं, ते ऐका. एकदा वासरू मेलेलंच जन्माला आलं. एकदा हल्या झाला, म्हणजे नर रेडकू, त्याला कोण विचारतो? आणि दोनदा चांगली मादी झाली, तेव्हा मालकांनी ‘पुढचं वेत तुझं’, म्हणजे पुढच्या खेपेचं वासरू तुझं, म्हणून दावं सोडून नेलं. पुढचं वेत यायच्या आत जनावर बाजारात गेलेलं. चाळीस वर्षं हिनं लोकांच्या म्हशी गाभण ठेवल्या, बाळंत केल्या, पण स्वतःच्या म्हशीची धार तिनं एकदाही काढली नव्हती. मला हे आठवलं की आजही राग येतो, आणि त्या मालकांत माझे सोयरेही आहेत.

आता या म्हशीची गोष्ट. माझे मेहुणे अंकुशराव यांनी एक तरुण म्हैस घेतली होती. दिसायला देखणी, पण दीड वर्षं झालं तरी गाभण राहीना. अंकुशराव वैतागून तिला विकायला निघाले होते. दोन हजार बावीसच्या येळवसेला, म्हणजे येळअमावस्येला, सगळं गाव शेतात गेलं. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. शेतातल्या कडब्याच्या कोपीत मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांच्यावर सगळे तुटून पडलेले असतात. मीही तिथंच होतो, तिसऱ्यांदा आंबील पीत. शोभाबाईला ताप होता म्हणून ती मागं राहिली. दुपारी रोजच्यासारखी अंकुशरावांच्या गोठ्यात पाणी ठेवायला गेली, तर तिला म्हशीच्या शेपटीला काचेसारखी स्वच्छ तार लोंबताना दिसली. गाय माजावर आली की हंबरून गाव गोळा करते. म्हशीचा माज मुका असतो, त्यात ही तर फारच लाजरी. दीड वर्षं तिचा माज कुणाला दिसलाच नव्हता. तो एका दिवसात ओसरतो हे शोभाबाईला ठाऊक होतं. कुणाला विचारत बसली नाही. दोन कोसांवरच्या वस्तीत मोठा हल्या होता, अंगातला ताप घेऊन तिथं म्हैस चालवत नेली आणि फळवून आणली.

संध्याकाळी अंकुशराव आधी भडकले. “न इचारता जनावर गावाभायेर नेलीस कामून?” मग जरा शांत झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “ऱ्हायली गाभण तर तूच सांभाळ. पयलं वेत तुझं.”

मी स्वतः ऐकलं. माझ्या सासूबाईंनी, नागूबाईंनी, ज्यांना मी मामी म्हणतो, त्यांनीही ऐकलं. म्हैस शोभाबाईच्या पत्र्याच्या छपराखाली आली, आणि पुढच्या माजाची वेळ टळून गेली तरी ती शांत राहिली. गाभण होती.

शोभाबाईच्या घरात बाबासाहेबांचं चित्र असलेलं कॅलेंडर आहे. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. येळवसेच्या रात्रीच तिनं तेवीस डिसेंबरवर चुन्याचं बोट टेकवलं. मग एका रिकाम्या डब्यात चिंचोके मोजून घातले. तिची मोजणी विसांची. तीस दिवसांचे दहा महिने म्हणजे पंधरा विसा, वर दहा. रोज सकाळी शेण काढून झालं की एक चिंचोका डब्यातून काढून अंगणात फेकायचा. झालं तिचं शास्त्र.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा तिनं मला छपरात बोलावलं. म्हशीला रांजणातलं गार पाणी पाजलं, माझा हात धरला आणि म्हशीच्या उजव्या कुशीला दाबून ठेवला. “गप ऱ्हावा गुर्जी. गार पाण्यानं ते दचकतंय.”

थोडा वेळ काहीच नाही. मग तळहाताला आतून एक टणक धक्का बसला. एकोणीस वर्षं मी ज्याची आकृती काढत होतो, ते मला पहिल्यांदा लागलं. मी येड्यासारखा हसलो. शोभाबाईही हसली आणि मला शिकवू लागली. “आत्ता त्येच्या आंगावर केस न्हाईत. नुसती व्हटावर अन् पापणीवर लव. सातव्या-आठव्यात केस येत्यात. दात समद्यात शेवटी. दात आले की समजायचं, भायेर यायची तयारी झाली.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोन सांगंल? टाकलेले गाभ मीच पुरलेत की. पाचव्याचं कसं असतंय, सातव्याचं कसं, ह्या हातांनी बगितलंय.”

माझं हसू तिथंच थांबलं.

नागूबाईंची मोजणी वेगळी. त्या पंच्याहत्तरीच्या. अख्ख्या मुडबीत कुठलं जनावर कधी व्यायचं हे त्यांना विचारतात. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत त्या महिने मोजतात. येळवसेपासून पौष एक, माघ दोन, फाल्गुन तीन, अशा करत अश्विनाच्या अमावास्येला दहा महिने भरले, वर दहा दिवस. “कार्तिकातल्या दशमीला यील,” त्यांनी सांगून टाकलं. दिवाळी होऊन दहा दिवसांनी. शोभाबाई म्हणाली, “माय, मला तर कोजागिरीच्या आसपास वाटायलंय.” नागूबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, “तुला लई कळायलंय शोभे.” विषय संपला. नागूबाईंनी सांगितल्यावर आमच्या घरात विषय संपतोच.

कोजागिरी आली, आणि त्या वर्षी नेमकं कोजागिरीच्या रात्री चंद्रग्रहण. मी आदल्या दिवसापासून सासुरवाडीला होतो. दुपारी नागूबाईंनी गेरूचा गोळा माझ्या हातात दिला. “जावईबापू, एवढं शोभीला नेऊन द्या. म्हनावं, म्हशीच्या पोटाला शेन सारव अन् शिंगांना गेरू लाव. गाभन जनावर हाय, गिऱ्हान बाधंल.”

ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे मी सहावीपासून पोरांना सांगतो. पण सासूच्या हातचं केशराचं दूध प्यायला आलेला जावई सावलीवर व्याख्यान देत नाही. मुकाट्यानं गेरू घेऊन गेलो.

शोभाबाईनं गोळा बघितला. “ठिवा त्या कोनाड्यात. भिंतीला पोतारा देताना कामाला यील.” मग डबा आणून माझ्यासमोर वाजवला. आत एकच चिंचोका खुळखुळला. “उद्या,” ती म्हणाली.

“अहो, पण मामी दशमी म्हणतात.”

“माय शान्या हायत. पन माजा डबा खोटं बोलंना, गुर्जी.”

त्याच वेळी तिच्या कॅलेंडरवर दिवस मोजले असते तर दोन मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. मोजले नाहीत. निरक्षर बाईचा चिंचोक्यांचा डबा, त्याची काय पडताळणी करायची, असंच माझ्या मनात होतं. आज ते लिहिताना मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शोभाबाईच्या शेजारणीनं हाळी दिली, “म्हैस उठबस करायली!” आम्ही सगळे धावलो. म्हैस शेपूट उचलून उभी होती, कधी बसत होती, कधी उठत होती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले, आणि मागून पाण्याची पिशवी डोकावत होती. नागूबाईंनी छातीवर हात मारला. “गाभ टाकायली की वं! अजून चोवीस-पंचवीस दिस हायत.” मग त्यांची नजर म्हशीच्या शिंगांवर गेली. शिंगं कोरडी. कोनाड्यात गेरूचा गोळा तसाच.

“गेरू लावला न्हाईस?”

“न्हाई, माय.”

“गिऱ्हानात गाभन जनावर उघडं ठिवलीस! तूच मारलीस त्याला.”

वस्तीतली माणसं जमली होती. त्यांच्यासमोर हे बोलणं झालं. शोभाबाईचा चेहरा पडला, पण ती म्हशीपासून हलली नाही. अंकुशरावांनी तोवर शरणबसवला फोन लावला होता. हा गडी फटफटीवर इंजेक्शनची पेटी घेऊन गावोगाव फिरतो. डिग्री नाही, पण सुई आहे, म्हणून लोक त्याला डॉक्टर म्हणतात. तो आला, म्हशीकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, “दिवस भरले न्हाईत ना? मग गाभ थांबायची सुई मारतो. कळा बंद होतात.”

दिवस खरंच भरले असतील आणि कळा बंद केल्या, तर पिल्लू आतच मरणार. हे मला कळत होतं. पण दिवस भरलेत की नाहीत, हे मला सांगता येत नव्हतं.

शरणबसवनं सुई भरली. शोभाबाई त्याच्या आणि म्हशीच्या मधे येऊन उभी राहिली. “टोचायचीच असंल तर आदी मला टोच.”

“बाजूला हो शोभाबाई,” अंकुशराव ओरडले. “म्हैस माजी हाय.”

“म्हैस तुमची, आण्णा. पोटातलं माजं. तुमीच बोललाव, येळवसेला, समद्यांच्या म्होरं.” तिनं मागं हात नेऊन म्हशीच्या पुठ्ठ्यावर ठेवला. “मला एकदा हात घालून बघू द्या. कच्चं असंल तर मी बाजूला होते. मग टोचा, अन् गावात सांगा शोभीनं मारलं म्हनून. पुन्यांदा कुनाच्या जनावराला हात लावनार न्हाई.”

एवढं सगळं तिनं त्या एका हातावर लावलं. चाळीस वर्षांचं नाव, आणि वाट्याचं हे पिल्लू. अंकुशराव बाजूला सरकले. ते बघून शरणबसवही थांबला.

तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, गोडेतेल लावलं आणि म्हशीच्या मागं वाकली. डोळे मिटलेले. “दोन पाय हायत. म्होरचे,” ती हळूच म्हणाली. “नाक पायावर टेकलंय, सरळ हाय.” मग तिची बोटं आणखी पुढं गेली असावीत, कारण तिचे मिटलेले डोळे एकदम उघडले.

“दात हायत!”

आणि मग ती हसायला लागली. हात म्हशीच्या आत, कपाळावर घाम, आणि मोठ्यानं हसत होती. “बोट चोखायलंय वं! माजं बोट चोखायलंय!”

“कायबी सांगतीस,” नागूबाई म्हणाल्या.

“माय, तुमी बगा. तुमच्याच हातानं.”

नागूबाईंनी पदर खोचला. त्यांनीही आयुष्यात पुष्कळ म्हशी मोकळ्या केल्या आहेत. हात धुतला, तेल लावलं, शोभाबाईच्या जागी वाकल्या. त्यांच्या तोंडाकडं आम्ही सगळे बघत होतो. आधी कपाळाला आठ्या. मग आठ्या गेल्या. मग तोंड उघडं राहिलं. हात बाहेर काढून त्या आमच्याकडं वळल्या.

“दात हायत,” त्या म्हणाल्या. “चोखायलंयबी. पुरं भरलेलं हाय.” मग गोंधळून पुन्हा अंगठा पेरांवर फिरवू लागल्या. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. “मग मधला म्हैना गेला कुटं?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आषाढ संपल्यावर मला या घरी बोलावणं आलं होतं. पाटावर बसवलं, पायावर पाणी घातलं, आणि तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे आग्रह करकरून खायला घातले होते. त्या वर्षी श्रावण दोन होते. पहिला अधिक, धोंड्याचा. त्या महिन्यात लग्न धरत नाहीत, वास्तू धरत नाहीत, कसलंच शुभकार्य धरत नाहीत. म्हणून नागूबाईंनी म्हशीच्या मोजणीतही तो धरला नव्हता. म्हशीला कोण सांगणार, की बाई, हा महिना पोटात धरू नकोस?

“मामी,” मी म्हणालो, “तो महिना मी खाल्ला.”

“आँ?”

“धोंडे. अधिकाचा श्रावण मोजायचा राहिला तुमचा.”

नागूबाईंचा अंगठा पेरावरच अडकला. मग आधी शोभाबाई हसली, मग सगळी वस्ती. शरणबसवनं सुई पेटीत ठेवली आणि कुणाचा निरोप न घेता फटफटीला किक मारली.

पण अजून पिल्लू आतच होतं. शोभाबाईनं कळेच्या तालावर दोन्ही पाय धरून ओढायला सुरुवात केली. कळ आली की ओढायचं, गेली की थांबायचं, म्हशीशी बोलत राहायचं. “हां बाय, आनिक एकदा.” डोकं आलं, खांदे आले, आणि मग सगळं एकदम सटकन् तिच्या मांडीवर. ओलं, काळं, चिकट. हलेना. तिनं बोटांनी तोंडातला, नाकातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ते शिंकलं, आणि मान झटकून हवा ओढली.

शोभाबाईनं शेपूट वर केलं आणि जोरात ओरडली, “वगार! वगार हाय!” वगार म्हणजे मादी. अंगभर दाट केस, कपाळावर पांढरा टिळा, पुढचे चार दात तांदळाएवढे, खुरांच्या टोकाला पिवळट मऊ टोप्या. आईच्या पोटात आतून टोचू नये म्हणून त्या टोप्या असतात. जमिनीवर चाललं की झिजून जातात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. दिसल्या मात्र त्या दिवशी.

म्हशीनं चाटून चाटून तिला कोरडं केलं. वगार तीनदा उठली, तीनदा पडली, चौथ्यांदा उभी राहिली आणि धडपडत कासेला लागली. तिनं चीक प्यायला तेव्हा शोभाबाई भिंतीला टेकून बसली होती. हात अजून धुतले नव्हते. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

दुपारी वार पडली. सगळं नीट झालं म्हणताना अंकुशराव वगारीभोवती दोन फेऱ्या मारून आले. चांगल्या मादीकडं बघून मालक लोकांच्या डोळ्यात जे येतं, ते त्यांच्या डोळ्यात आलं. “शोभाबाई,” त्यांनी घसा साफ केला, “असं करू. पुढचं वेत...”

“अंकुश!” नागूबाई कडाडल्या. “बोल फिरवलास तर तुज्या घरात मी पानी पिनार न्हाई.”

नागूबाई घरी गेल्या आणि परत आल्या त्या नवं दावं घेऊन, रंगीत गोंडे लावलेलं. ते त्यांनी पोळ्याच्या बाजारातून स्वतःच्या गाईसाठी आणलेलं होतं. दावं शोभाबाईच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, “बांद.” शोभाबाईनं बांधलं. कोनाड्यातला गेरू घेऊन नागूबाई गुपचूप परत गेल्या, ते मी बघितलं. बोललो मात्र नाही.

शोभाबाईनं त्या वगारीचं नाव ठेवलं दशमी. नागूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती रोज हाक मारायची, “दशमे, इकडं ये!” नागूबाई पहिले सहा महिने रुसून होत्या. मग एक दिवस त्यांनी आपल्या गाईसाठी डब्यात चिंचोके घातले. चौदा विसा. कुणी विचारलं तर सांगतात, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेत.

यंदाच्या शिवरात्रीला दशमी पहिल्यांदा फळली. आणि यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, या वेळी ज्येष्ठात. मला बोलावणं आलं, धोंडे आले, तूप आलं. जेवण झाल्यावर मी नागूबाईंबरोबर शोभाबाईच्या अंगणात गेलो. दशमी सावलीत रवंथ करत होती, काळीभोर, कपाळावर तोच पांढरा टिळा. छपरात चिंचोक्यांचा डबा खिळ्याला टांगलेला होता.

“शोभाक्का,” नागूबाई म्हणाल्या. शोभे नाही, शोभी नाही. “औंदा धोंड्याचा धरलीस का?”

“माजा डबा समदेच धरतोय, माय.”

मी जुन्या सवयीनं विचारून गेलो, “हे पोटातलं कुणाच्या वाट्याचं?”

शोभाबाईनं दशमीच्या उजव्या कुशीवर हात ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू वर्गात मी चुकीचं उत्तर दिलं होतं. “वाटा कसला, गुर्जी? म्हैस माजी. पोटातलंबी माजंच.”